ठरलेले भाडे, ठरलेली गोष्ट : अल्पखर्ची वेस्टर्न मालिकांची पार्श्वभूमी

अमेरिकन चित्रपटसृष्टीत 1930च्या दशकाच्या आरंभापासून 1954पर्यंत स्वस्त ‘वेस्टर्न’ मालिकांचा, म्हणजे काउबॉयच्या साहसपटांचा, एक प्रकार अखंड चालू होता. चित्रपट जेमतेम तासाभराचा असे. नायक, त्याचा घोडा आणि त्याचा विनोदी जोडीदार हे तिघे वर्षातून सहा ते आठ वेळा नव्या गोष्टीसह पडद्यावर येत आणि प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपत असे. दर आठवड्याला नायकाला कड्यावर लटकत ठेवणारे ‘सीरियल’ हा असे चित्रपट काढणाऱ्याच कंपन्यांचा वेगळा माल होता; इथे ‘मालिका’ म्हणताना ते अभिप्रेत नाहीत. या मालिका-वेस्टर्नवर टीका करणे फार सोपे आहे, आणि त्या काळच्या मोठ्या शहरांतील समीक्षकांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्यांनी हे चित्रपट बहुधा पाहिलेच नाहीत. तरीही लहान गावांतील चित्रपटगृहे त्यांच्यावर चालत होती. या प्रकाराचे गुण आणि दोष यांचा उगम एकाच ठिकाणी, म्हणजे वितरकाच्या हिशेबाच्या वहीत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा इतिहास बराच सुसंगत वाटू लागतो.

मालिकेची कल्पना बोलपटाच्या आधीची. 1903च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’मध्ये किरकोळ भूमिका करणाऱ्या गिल्बर्ट अँडरसनने पुढे ‘ब्राँको बिली’ नावाचे पात्र उभे केले आणि कॅलिफोर्नियातील नाइल्स येथे त्या पात्राचे लघुपट शेकड्यांनी काढले. एकच ओळखीचा काउबॉय पुन्हा पुन्हा पाहायला लोक पैसे मोजतात, हे त्याने सिद्ध केले. त्यानंतर दोन वाटा फुटल्या. विल्यम एस. हार्टचे वेस्टर्न धुळीने माखलेले, गंभीर, पापी माणसाच्या पश्चात्तापाचे होते. टॉम मिक्सचे वेस्टर्न झगमगीत कपड्यांचे, कसरतींचे आणि त्याच्या ‘टोनी’ घोड्याच्या करामतींचे होते. प्रेक्षकांनी मिक्सला कौल दिला. केन मेनार्ड, हूट गिब्सन, बक जोन्स ही पुढची मंडळी कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने गेली, आणि बोलपटाच्या काळातील स्वस्त मालिकांनाही मिक्सचाच वारसा मिळाला. हार्टची वाट बंद पडली ही माझ्या मते या प्रकाराची पहिली मोठी हानी. पण तासाभराच्या, मुलांसाठीच्या चित्रपटात पश्चात्तापाला जागा तरी किती मिळाली असती, हेही खरे.

ध्वनी आला तेव्हा वेस्टर्न संपला असे अनेकांना वाटले होते, कारण ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रे माळरानावर नेणे अवघड होते. 1929मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘इन ओल्ड ॲरिझोना’ने ती शंका दूर केली. पण त्यापाठोपाठ महामंदी आली. 1930मध्ये राऊल वॉल्शने रुंद 70 मि.मी. फिल्मवर काढलेला ‘द बिग ट्रेल’ सपाटून पडला, आणि त्यातला नवा नायक जॉन वेन पुढचे जवळजवळ सगळे दशक स्वस्त वेस्टर्नमध्ये अडकून राहिला. मोठ्या स्टुडिओंनी भव्य वेस्टर्नवरचा हात काही वर्षे आखडला. दुसरीकडे रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ती देशभरातील बहुतेक चित्रपटगृहांची रीत बनली. मुख्य चित्रपटाच्या जोडीला काहीतरी हवे होते, दर आठवड्याला हवे होते आणि स्वस्त हवे होते.

इथे हिशेबाची गोष्ट येते. मुख्य चित्रपटाचे भाडे तिकिटविक्रीच्या टक्केवारीवर ठरत असे. दुय्यम चित्रपट मात्र ठरावीक रकमेला दिला जाई. चित्रपट उत्तम निघाला तरी निर्मात्याला एक डॉलर जास्त मिळत नसे, आणि वाईट निघाला तरी एक डॉलर कमी होत नसे. शिवाय वर्षभराचे सहा-आठ चित्रपट ते तयार होण्याआधीच नायकाच्या नावावर चित्रपटगृहांना विकलेले असत. त्यामुळे मिळकत किती होणार हे जवळपास आधीच ठाऊक असे, आणि नफा वाढवण्याचा मार्ग एकच उरे, तो म्हणजे खर्च कमी करणे. आपल्याला आज दिसणारी प्रत्येक त्रुटी, मग ती घाईची पटकथा असो, पुनःपुन्हा दिसणारा तोच खडक असो की एकदाच घेतलेले दृश्य असो, या एका वस्तुस्थितीतून सरळ निघते.

हॉलिवूडमधील गोवर स्ट्रीटच्या आसपास या धंद्यातल्या छोट्या कंपन्या दाटीवाटीने राहत, आणि त्या परिसराला ‘पॉव्हर्टी रो’ असे चेष्टेचे नाव पडले होते. मोनोग्राम ही त्यांतली एक. 1935मध्ये हर्बर्ट येट्स यांनी मोनोग्राम, मॅस्कॉट आणि आणखी काही कंपन्या एकत्र करून रिपब्लिक पिक्चर्स स्थापन केली. येट्स यांची स्वतःची फिल्म धुण्याची प्रयोगशाळा होती आणि या कंपन्या तिच्या ऋणकरी होत्या. मोनोग्राम पुढे पुन्हा वेगळी झाली, पण स्वस्त वेस्टर्न नीटनेटका कसा काढावा याचा मापदंड रिपब्लिकने घालून दिला. 1940च्या दशकात तिच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या चित्रपटाला सुमारे 50 हजार डॉलर आणि सात दिवस मिळत. याहूनही खालचा थर होता. पीआरसी या कंपनीत सॅम न्यूफील्ड हा दिग्दर्शक इतक्या झपाट्याने चित्रपट काढत असे की, एकच नाव सारखे दिसू नये म्हणून पीटर स्टुअर्ट आणि शर्मन स्कॉट अशी आणखी दोन नावे श्रेयनामावलीत वापरली जात.

काटकसरीचा सर्वांत सुरस नमुना म्हणजे वॉर्नर कंपनीने 1932-33मध्ये जॉन वेनला घेऊन काढलेले सहा चित्रपट. केन मेनार्डच्या मूकपटांतील पाठलाग, टोळ्या आणि गुराढोरांच्या धावपळीची महागडी दृश्ये कंपनीकडे पडून होती. मेनार्डचा घोडा पांढरा होता, म्हणून वेनलाही पांढरा घोडा देण्यात आला आणि त्याचे कपडे मेनार्डच्या कपड्यांशी जुळतील असे निवडले गेले. दूरच्या दृश्यात घोडेस्वार मेनार्ड, जवळच्या दृश्यात वेन! त्यानंतर 1933 ते 1935 या काळात मोनोग्रामसाठी ‘लोन स्टार’ या नावाखाली वेनचे सोळा चित्रपट निघाले. एकेकाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलरांच्या घरातला. त्यांतल्या पहिल्या चित्रपटात वेन चक्क गाणारा बंदूकबाज आहे. आवाज अर्थातच दुसऱ्याचा, आणि पडद्यावर हे ठिगळ लपत नाही.

मग लोक हे का पाहत होते? एक उत्तर असे की, पुनरावृत्ती ही त्यांची तक्रार नव्हतीच. कीर्तनातले आख्यान श्रोत्यांना पाठ असते, तरी बुवा ते आज कसे रंगवतात यासाठी ते बसतात. शनिवारच्या दुपारी चित्रपटगृहात जमणारी मुले साधारण त्याच भूमिकेतून बसत. चार्ल्स स्टॅरेटच्या ‘ड्युरँगो किड’ मालिकेत मुखवट्यामागच्या माणसाचे आडनाव चित्रपटागणिक बदलते, पण पहिले नाव प्रत्येक वेळी ‘स्टीव्ह’च असते. आज ते हास्यास्पद वाटते. त्या वेळी ते आश्वासन होते. जोडीदारांचेही तसेच. दाढीवाला, बोळक्या तोंडाचा, सतत कुरकुरणारा गॅबी हेज हा काही प्रेक्षकांना नायकाहून प्रिय होता. तो आधीच्या मालिकेत ‘विंडी’ नावाने ओळखला जाई, पण त्या नावावर आधीच्या निर्मात्याचा हक्क असल्यामुळे रिपब्लिकमध्ये आल्यावर तो ‘गॅबी’ झाला. पात्र तेच राहिले.

दुसरे उत्तर खलनायकाकडे पाहिल्यावर मिळते. या चित्रपटांतला मुख्य खलनायक क्वचितच दरोडेखोर असतो. तो गावचा बँकवाला, जमिनीचा दलाल, वकील किंवा पाण्याचा हक्क बळकावणारा धनिक असतो; त्याचा कोट स्वच्छ असतो आणि गोळ्या झाडायला त्याने माणसे ठेवलेली असतात. पडद्यामागच्या लोकांनी या दोन प्रकारांना वेगळी नावेही दिली होती: एक ‘डोक्याचा’ खलनायक आणि दुसरा ‘कुत्र्याला लाथ मारणारा’. शेते लिलावात निघत होती, बँका बुडत होत्या आणि मैदानी प्रदेशात धुळीची वादळे उठत होती, अशा वेळी दक्षिणेतील आणि मध्यपश्चिमेतील शेतकरी कुटुंबांना हा बँकवाला कोण हे सांगावे लागत नव्हते. 1938च्या ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’मध्ये तर नायक दुष्काळी भागाला पाणी मिळवून देण्यासाठी निवडणूक लढवून वॉशिंग्टनला जातो. उपाय भाबडा आहे, पण प्रश्न खरा होता, आणि त्याच काळातील अनेक भपकेबाज चित्रपटांनी तो शिवलाही नव्हता.

याच प्रेक्षकाला जीन ऑट्रीने गाण्याने जिंकले. गाणारा काउबॉय ही त्याची मूळ कल्पना नव्हे. मेनार्ड त्याच्याआधी पडद्यावर गायला होता. पण ऑट्री शिकागोच्या रेडिओवरून आणि ध्वनिमुद्रिकांतून खेड्यापाड्यांत आधीच पोहोचलेला होता. 1935मध्ये त्याचा पहिला स्वतंत्र वेस्टर्न आला आणि रिपब्लिकला जणू फुकट जाहिरात मिळाली: रेडिओ चित्रपटाची, चित्रपट तबकडीची आणि तबकडी रेडिओची मागणी वाढवू लागली. त्याच्या चित्रपटांत घोड्यांच्या शेजारून मोटारी धावतात, रेडिओ वाजतात, विमाने उतरतात. काळाच्या या सरमिसळीला शुद्धतावादी नाके मुरडतात. मला मात्र ती या चित्रपटांची सर्वांत जिवंत बाजू वाटते, कारण त्यांचा विषय जुना पश्चिम नसून 1930च्या दशकातील ग्रामीण अमेरिकाच आहे. 1940च्या लोकप्रिय चित्रतारकांच्या यादीत मिकी रूनी, स्पेन्सर ट्रेसी आणि क्लार्क गेबल यांच्यानंतर चौथा क्रमांक ऑट्रीचा होता, हे न्यूयॉर्कच्या कित्येक रसिकांना कोडेच वाटले असेल.

ऑट्रीची आणि रिपब्लिकची 1938मध्ये झालेली भांडणेही बोलकी आहेत. त्याचे चित्रपट हवे असतील तर कंपनीचा इतर मालही उचला, अशी सक्ती चित्रपटगृहांवर केली जात होती, आणि मोबदल्याइतकाच हाही त्याच्या तक्रारीचा विषय होता. तो काम सोडून निघून गेला, तेव्हा कंपनीने लिओनार्ड स्लाय नावाच्या, सिनसिनाटीत जन्मलेल्या गायकाला ‘रॉय रॉजर्स’ म्हणून पुढे आणले. ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ हा त्याचाच पहिला नायकपट. ऑट्री परतला, 1942मध्ये लष्करी हवाई दलात गेला, आणि 1943पासून 1954पर्यंत वेस्टर्न तारकांच्या यादीत पहिला क्रमांक रॉजर्सकडे राहिला. नायक बदलता येतो, साचा टिकतो, हे कंपनीने दाखवून दिले.

साच्यातही कसब होते, आणि ते बहुधा संवादांत नसून घोड्यावर होते. याकिमा कनट हा रोडिओतून, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांतून, आलेला कसरतपटू धावत्या बग्गीच्या घोड्यांमध्ये पडून, त्यांच्या टापांमधून जमिनीला लागून घसरत, बग्गीखालून मागे निघत असे. ठोसा प्रत्यक्षात न लागता लागल्यासारखा दिसावा म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा, याचे तंत्र दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी, कनट आणि वेन यांनी लोन स्टारच्या चित्रपटांत घोटून घेतले, आणि नंतर महागड्या चित्रपटांनीही ते उचलले. लॉस एंजलिसजवळच्या आयव्हर्सन रँचचे गोलसर खडक आणि लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्स ही स्थळे इतकी वापरली गेली की सराईत प्रेक्षक एकेक दगड ओळखत. तरीही बर्फाच्छादित सिएरा नेवाडाच्या पार्श्वभूमीवर दौडत जाणारा स्वार पाहताना, सात दिवसांच्या कामातही काही दृश्ये खरोखर सुंदर निघत, हे मान्य करावे लागते. जोसेफ एच. लुईस हा तरुण दिग्दर्शक साध्या दृश्यातही गाडीच्या चाकाच्या आऱ्यांमधून कॅमेरा रोखत असे, म्हणून त्याचे ‘वॅगन व्हील जो’ असे नाव पडले. पुढे तो गुन्हेपटांसाठी नावाजला गेला.

मुंबईत परळच्या वाडिया मूव्हिटोनने 1935मध्ये ‘हंटरवाली’त फिअरलेस नादियाच्या हाती चाबूक दिला, तेव्हा त्यामागे प्रेरणा होती ती अमेरिकेच्या मूक सीरियलची आणि डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांची, पण पिटातल्या प्रेक्षकांचा जल्लोष आणि सुशिक्षितांची उपेक्षा हे चित्र दोन्हीकडे सारखेच होते. चाबकाचा काउबॉय लॅश लरू त्यानंतर दहा वर्षांनी आला, एवढे जाता जाता.

दोषांकडे वळताना एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. चांगल्याची टोपी पांढरी आणि वाइटाची काळी, हा नियम या चित्रपटांच्या माथी मारला जातो. हॉपअलाँग कॅसिडी, ड्युरँगो किड आणि लॅश लरू हे तिघेही काळ्या वेशातले नायक होते. खरे दोष वेगळे आहेत. सहा गोळ्यांचे पिस्तूल वीस वेळा उडते, भर दुपारी चित्रित केलेले दृश्य काळसर छपाई करून रात्र म्हणून खपवले जाते, आणि गुन्ह्याचे सगळे कारस्थान खलनायक आपल्या माणसांना खोलीत उभे करून समजावून सांगतो, कारण बोलणे पळण्यापेक्षा स्वस्त पडते. विनोद तर पुष्कळदा ताणलेला. यांतले बरेच माफ करता येते. नायिकेचे मात्र करता येत नाही. प्रेमप्रसंग मुलांना आवडत नाहीत या सबबीखाली ती शेताच्या मालकाची मुलगी एवढीच उरली. 1939मध्ये डोरोथी पेजला गाणारी ‘काउगर्ल’ म्हणून घेऊन तीन चित्रपट निघाले आणि प्रयोग तिथेच थांबला.

त्याहून गंभीर आहे ते या चित्रपटांनी वगळलेले वास्तव. टेक्सासमधून निघणाऱ्या गुरांच्या तांड्यांबरोबर काम करणाऱ्या काउबॉयपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि या कामाची सारी रीत मेक्सिकन गुराख्यांकडून आलेली होती. मालिका-वेस्टर्नमध्ये कृष्णवर्णीय माणूस दिसलाच तर तो स्वयंपाकी किंवा घाबरट नोकर असे. हर्ब जेफ्रीज या गायकाने 1937 ते 1939 या काळात सर्व कृष्णवर्णीय कलाकार असलेल्या चार वेस्टर्नमध्ये नायकाची भूमिका केली. ते प्रामुख्याने वेगळ्या ठेवलेल्या प्रेक्षकांच्या चित्रपटगृहांत दाखवले गेले, आणि निर्मितीमूल्य कमालीचे तोकडे असूनही त्यांचे असणेच महत्त्वाचे आहे. मूलनिवासी तर अनेक मालिकांत जवळजवळ नसतातच. त्यामागे सद्भावना नव्हती: शंभर स्वारांची टोळी उभी करणे परवडत नसे, म्हणून ती जुन्या चित्रणातून उसनी आणली जाई. ‘रेड रायडर’ मालिकेतला मूलनिवासी मुलगा लिटल बीव्हर हा बॉबी ब्लेक या गोऱ्या बालकलाकाराने केला. खलनायक गोरा सावकार असल्यामुळे हे चित्रपट वंशद्वेषापासून मुक्त होते, असा बचाव कधीकधी केला जातो. वगळणे हाही एक निर्णय असतो, हे त्यात विसरले जाते.

घोड्यांबाबतही स्मरणरंजन आवरते घ्यावे लागते. धावत्या घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून तो ठरल्या जागी कोसळवण्याची युक्ती स्वस्त-महाग अशा सगळ्याच वेस्टर्नमध्ये रूढ होती, आणि कनटही तिचा वापर करणाऱ्यांतला होता. 1939च्या एका मोठ्या चित्रपटात कड्यावरून पाडलेला घोडा मेल्यावर ओरड झाली आणि 1940पासून प्राणिरक्षण संघटनेचे निरीक्षक चित्रणस्थळी येऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी, लाकूड, फिल्म, सगळेच महागले. ठरलेले भाडे मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. 1948मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर मोठ्या कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निकालाने चित्रपट गठ्ठ्याने विकण्याच्या पद्धतीला चाप लावला आणि आगाऊ विक्रीची हमी संपत आली. पैसा आटला तसा साचा उघडा पडू लागला. ड्युरँगो किडच्या शेवटच्या चित्रपटांत जुन्या भागांतली दृश्ये आठवणी म्हणून घुसडलेली आहेत, आणि ती मालिका 1952मध्ये थांबली.

टेलिव्हिजनने या मालिकांना मारले असे म्हटले जाते, पण विल्यम बॉइडने त्याच्या उलट दाखवले. क्लॅरेन्स मलफर्डच्या कथांमधला हॉपअलाँग कॅसिडी हा शिवराळ, दारू पिणारा, लंगडा गडी. बॉइडने 1935पासून त्याला शांत, निर्व्यसनी, पिकल्या केसांचा सज्जन केले आणि 66 चित्रपट केले. मालिका आटोपल्यावर त्याने जवळचे होते नव्हते ते घालून तिचे हक्क विकत घेतले. 1949मध्ये ते चित्रपट टेलिव्हिजनवर आले आणि पन्नाशी उलटलेला बॉइड देशातल्या मुलांचा लाडका झाला. 1950मध्ये त्याचे चित्र असलेले शाळेचे डबेही बाजारात आले. रॉजर्स आणि ऑट्री यांना हे जमले नाही, कारण त्यांचे जुने चित्रपट रिपब्लिकच्या मालकीचे होते. दोघांनीही त्यांच्या टेलिव्हिजन-विक्रीविरुद्ध दावे लावले. रॉजर्सला 1951मध्ये खालच्या न्यायालयात यश मिळाले, पण 1954मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. तोपर्यंत ऑट्री आणि रॉजर्स दोघेही टेलिव्हिजनसाठी नवे भाग काढू लागले होते. चित्रपटगृहांसाठीची शेवटची मालिका 1954मध्ये वेन मॉरिसच्या ‘टू गन्स अँड अ बॅज’ने संपली, असे साधारणपणे मानले जाते.

आज हे चित्रपट पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिपब्लिकचे सत्तर मिनिटांपर्यंतचे चित्रपट टेलिव्हिजनच्या तासात बसावेत म्हणून सुमारे 54 मिनिटांवर छाटले गेले आणि अनेकांच्या त्याच प्रती वर्षानुवर्षे फिरत राहिल्या. त्यामुळे तुटक वाटणारे कथानक दर वेळी पटकथाकाराचे पाप असते असे नाही. लोन स्टारच्या अनेक चित्रपटांच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्याने ते कोणालाही छापता-विकता येऊ लागले, आणि बाजारात प्रतीच्या प्रती काढलेल्या धुरकट आवृत्त्यांचा सुळसुळाट झाला. मूळ चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतेच. पाठलागात केवळ टापांचा आवाज असे. 1980च्या दशकात त्यांतल्या काहींना सिंथेसायझरचे संगीत चिकटवण्यात आले, आणि ते ऐकून 1934च्या निर्मात्यांच्या अभिरुचीला हसणारे प्रेक्षक आजही भेटतात.